कोरकू पेशंटसाठी प्रश्नांचे व्हिडिओ कसे बनवायचे

मी अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आमच्याकडे तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखायची प्रश्नावली, भरला जातो. फॉर्म मराठीत असतो आणि समोरची मावशी कोरकू बोलते. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीच्या जोरावर ती अंदाजानेही कळत नाही. आमच्या आशाताई कोरकूच आहेत, पण प्रत्येक जण उभ्या उभ्या आपापलं भाषांतर करते. ओपीडीत तर सासूचे प्रश्न सून समजावते. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जातं का, हे सून सासूला विचारतच नाही, परस्पर ‘नाही’ सांगून मोकळी होते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची खूण तिथेच निसटते.

म्हणून प्रश्न कोरकूत रेकॉर्ड करा आणि मोबाईलवर ऐकवा. सगळ्यांना तोच प्रश्न, त्याच शब्दांत जातो.

शूटिंगच्या आधी कागदावरचं काम पक्कं करा. दोन्ही भाषा चांगल्या येणाऱ्या एकीकडून कोरकू मजकूर करून घ्या. कोरकू देवनागरीत लिहिता येते, त्यामुळे अडचण नाही. मग मूळ फॉर्म न पाहिलेल्या दुसरीला तो मजकूर द्या आणि मराठीत सांगायला लावा. अर्थ सरकला असेल तर इथेच पकडला जातो. त्यानंतर गावातल्या चार-पाच जणींना प्रश्न वाचून दाखवा आणि ‘काय विचारलं, ते तुझ्या शब्दांत सांग’ म्हणा. त्यात एखादी म्हातारी असू द्या, आणि मध्य प्रदेशातून लग्न होऊन आलेली एक तरी, कारण तिची बोली थोडी वेगळी पडते. सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. व्हिडिओ सुंदर आणि प्रश्न चुकीचा, असं झालं तर तीच चूक शंभर जणांना ऐकवली जाते.

प्रश्नापेक्षा उत्तराचं चित्र दाखवणं अवघड आहे. सीबॅकच्या शेवटी मनाच्या आरोग्याचे दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटत नाही का, आणि उदास, निराश वाटतं का. उत्तरं चार: कधीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. शाळा न पाहिलेल्या बाईला ‘निम्म्याहून जास्त’ हवेतच राहतं. आम्ही सुपात १४ चिंचोके मांडतो. व्हिडिओतली ताई म्हणते, दोन आठवडी बाजार होऊन गेले, तेवढे हे दिवस, आणि एकेक चिंचोका बोटाने बाजूला सरकवत जाते. सुपात उरलेले आणि सरकवलेले, दोन्ही ढीग कॅमेऱ्यात जवळून दिसले पाहिजेत. मग खरं सूप पेशंटपुढे ठेवायचं. जेवढे दिवस मन लागलं नाही तेवढे चिंचोके ती स्वतः सरकवते, आपण मोजून फॉर्मवर खूण करतो. सातच्या पुढे गेले की निम्म्याहून जास्त.

तंबाखूच्या प्रश्नात बिडी, खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) आणि गुडाखूची (दातांना लावायच्या तंबाखूच्या पेस्टची) डबी हातात धरून दाखवा. नुसतं ‘तंबाखू’ म्हटलं की खर्रा खाणारा बिनधास्त ‘नाही’ म्हणतो.

शूटिंगला साधा मोबाईल पुरतो. एका प्रश्नाची एक क्लिप, अर्ध्या मिनिटाच्या आत. सकाळी खिडकीकडे तोंड करून बसवा, पंखा बंद, मागे साधी भिंत. चेहरा आणि हात दोन्ही दिसू द्या. मोबाईल कशाला तरी टेकवून ठेवा, पण माईक बोलणारीच्या जवळ हवा. आवाज खराब असेल तर ती क्लिप पुन्हाच करा. बायकांच्या प्रश्नांना बाईचाच आवाज घ्या, आणि शक्यतो दुसऱ्या गावातली, म्हणजे ऐकणारीला शेजारीण विचारतेय असं वाटत नाही. व्हिडिओत दिसणारीची लेखी संमती घ्या. पेशंटला मात्र कधीही रेकॉर्ड करू नका.

फाईलच्या नावात प्रश्नाचा नंबर टाका. व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दबतं. सगळ्या क्लिप आशाताईंच्या फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, पाड्यावर रेंजचा भरवसा नसतो.

दाखवताना सुनेला प्रेमाने बाहेर बसवा. इअरफोन द्या, एक प्रश्न लावा, थांबा, उत्तर घ्या, मग पुढचा. फोन हातात देऊन तुम्ही दुसऱ्या कामाला लागू नका.

मनाच्या त्या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून काळजी वाटली तर पुढे पीएचक्यू-९ ही नैराश्याची नऊ प्रश्नांची प्रश्नावली विचारतात. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ती क्लिप तुम्ही शेजारी असल्याशिवाय लावायचीच नाही. ‘हो’ आलं, अगदी ‘काही दिवस’ आलं तरी फॉर्म बाजूला ठेवा, कोरकू बोलणाऱ्या आशाताईला जवळ घ्या, पेशंटला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो.

पीएचक्यू-९ मध्ये २७ पैकी १० आणि त्यापुढचे गुण आले की डॉक्टरांनी नीट तपासावं, असा प्रघात आहे. तो आकडा आपल्या कोरकू व्हिडिओवर पारखलेला नाही. तेव्हा गुण कमी आले तरी बाई खचलेली दिसत असेल, तर तिला पुढे पाठवा.

आणि फॉर्म बदलला की जुन्या क्लिप सगळ्यांच्या फोनमधून त्याच दिवशी काढून टाका.