साकव डावीकडे की उजवीकडे? ठिकाण माहीत नसलेली गोष्ट कशी शोधावी

पलूस भागात एका नातेवाइकांच्या उसात गेलो होतो. परतताना दिवस मावळला, मोबाईलची बॅटरी संपली आणि वाट चुकून मी कॅनॉलच्या काठावर आलो. कराडजवळच्या खोडशी बंधाऱ्यातून निघालेला हा कृष्णा कालवा. पाणी काठोकाठ होतं, रस्ता पलीकडे होता. कुठेतरी साकव असणार हे नक्की, पण कोणत्या बाजूला आणि किती लांब, काहीच माहीत नव्हतं. डावीकडे थोडं गेलो, वाटलं चुकतोय, परत फिरलो. उजवीकडे थोडं गेलो, तसंच झालं. प्रत्येक खेपेला आधीपेक्षा जेमतेम पन्नासेक पावलं पुढे जायचो. उसाच्या पात्यांनी हात कापले होते, घामानं ते झोंबत होते. शेवटी एका वस्तीवर दिवा दिसला. तिथल्या आजी म्हणाल्या, "डाव्या अंगानं सरळ जा बाळा, मागं फिरू नगंस. लिंबाच्या पल्याड साकव हाय."

साकव तिथेच होता, माझ्या पहिल्या जागेपासून साधारण १२०० पावलांवर. मी त्याच बाजूला तीनदा जाऊन तीनदा माघारी आलो होतो.

वाटेत कोणी भेटलं तर विचारावं, त्याहून चांगला उपाय नाही. पण विचारायला कोणी नसेल तेव्हा काय करायचं, याचं पक्कं उत्तर गणितानं दिलेलं आहे. हा प्रश्न रिचर्ड बेलमन आणि अनातोल बेक यांनी १९६० च्या दशकात मांडला. पुढे संगणकशास्त्रात तो कुंपणातलं खिंडार शोधणाऱ्या गाईचा प्रश्न म्हणून ओळखला जाऊ लागला. अशा शोधाला 'ऑनलाइन' म्हणतात, पण त्याचा इंटरनेटशी संबंध नाही. माहिती आधी हातात नसते, चालता चालता मिळते, आणि तेवढ्यावरच पुढचं ठरवायचं असतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता कृती. जिथे उभे आहात तिथे खूण करा. पाचटाची गाठ बांधा किंवा दगडावर दगड ठेवा, पण अंधारात हाताला लागेल अशी खूण हवी. मग एक बाजू धरा आणि ५० पावलं मोजून जा. नाही सापडलं तर खुणेपाशी परत या आणि दुसऱ्या बाजूला १०० पावलं जा. परत या. आता पहिल्या बाजूला २००, मग दुसऱ्या बाजूला ४००, मग ८००, मग १६००. दर खेपेला अंतर दुप्पट. पावलं मनात मोजताना हमखास चुकतात, म्हणून दर शंभराला एक खडा या खिशातून त्या खिशात टाका.

माझ्याच साकवावर हिशेब करू, पहिली खेप डावीकडे धरून. ५०, १००, २००, ४००, ८०० आणि १६०० पावलांच्या सहा खेपा वाया जातात. जाऊन येऊन त्यांची ६३०० पावलं होतात. सातव्या खेपेला १२०० पावलांवर साकव. एकूण ७५००. आता माझी त्या संध्याकाळची रीत घ्या, दर खेपेला ५० पावलं जास्त. तोच साकव सापडायला ३१,२०० पावलं लागली असती. साकव अगदी जवळ असता तर ही रीतही चालून गेली असती. अंतर वाढत जातं तशी ती माणसाला मारते.

दुपटीच्या रीतीत वाईटात वाईट काय होतं? तुम्ही वळता त्याच्या एकच पाऊल पुढे साकव असतो. तसं झालं तरी एकूण चाल सरळ अंतराच्या ९ पटींच्या वर जात नाही. (साकव पहिल्या ५० पावलांच्या आत नाही, हे धरून. तेवढ्यात असला तर तो असाही लगेच सापडतो.) ठरवून केलेल्या कोणत्याही रीतीला या ९ च्या खाली कायमची हमी देता येत नाही, हेही सिद्ध झालं आहे. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं: अंधारात, काही माहीत नसताना, नुकसानीला एक पक्की हद्द घालता येते.

मोटारसायकलवर असाल आणि अरुंद पट्टीवर गाडी वळवणं जिवावर येत असेल, तर दुपटीऐवजी तिप्पट करा. हमी ९ ची १० होते, पण वळणं बरीच कमी होतात. दीडपट केली तरी हमी १० च राहते आणि वळणं उलट वाढतात, म्हणून त्या वाटेला जाऊ नका. सुरुवातीची बाजू नाणं उडवून ठरवली, पहिलं अंतरही नशिबावर सोडलं आणि पुढे दर खेपेला सुमारे ३.६ पट केलं, तर सरासरी खर्च ४.६ पटींवर येतो. सरासरी म्हणजे हमी नव्हे. रात्री एकटे असाल तर साधी दुप्पटच बरी.

तिठ्यावर उभे असाल तर तिन्ही वाटा ओळीनं घ्या आणि दर खेपेला अंतर दीडपट करा. तिथे हमी १४.५ पटींची मिळते.

आणि काठच नसेल तर? जत, आटपाडीकडच्या एखाद्या उघड्या माळावर आहात. डांबरी रस्ता सरळ आहे, १ किलोमीटरच्या आत आहे, पण कोणत्या दिशेला ते ठाऊक नाही. १ किलोमीटर जाऊन पूर्ण गोल फिरलात तर ७२८३ मीटर चालावं लागेल. जॉन इसबेल यांनी १९५७ मध्ये यावर ६३९७ मीटरची वाट काढली. तिचा गोल भाग अंधारात पायाखाली धरणं अवघड, म्हणून मी तो सरळ तुकड्यांत बसवला आहे. मोबाईलमधलं होकायंत्र पुरे. ११५५ मीटर सरळ जा. तिथे डावीकडे १२० अंश वळा आणि ८४५ मीटर चाला. मग डावीकडे ३० अंश वळून ५३६ मीटर, असं सहा वेळा करा. सातव्यांदा ३० अंश वळलात की शेवटचे १२६८ मीटर. सगळं मिळून ६४८४ मीटर, आणि त्यात कुठे ना कुठे रस्ता पायाखाली येतोच. मात्र रस्ता वळणाचा असेल तर ही वाट धरू नका. तिचा सगळा हिशेब रस्ता सरळ असण्यावर उभा आहे.