बँकेची ६० दिवसांची नोटीस आली तर
गृहकर्जाचे हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं बुडीत धरतात आणि सरफेसी कायद्याखाली (२००२; कोर्टात न जाता गहाण घर ताब्यात घेऊन विकायची मुभा बँकेला देणारा कायदा) नोटीस येते. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्का पुढे उपयोगी पडतो. ६० दिवसांत लेखी हरकत द्या, नुसतं मॅनेजरला भेटून येऊ नका. बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. एकरकमी तडजोडीचा अर्जही याच काळात केलेला बरा, कारण लिलावाची जाहिरात निघाली की थकबाकी भरून घर सोडवायचा हक्क जवळपास संपतो.

बँकेने ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायचा. म्हापसा-फोंड्याच्या दिवाणी कोर्टात खेपा मारून उपयोग नाही, तिथे हे चालत नाही.

आपल्या गोव्यात आणखी एक पाहावं. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मिळकत सहसा नवरा-बायकोची सामाईक असते. गहाणखतावर दोघांच्या सह्या आहेत का, हे वकिलाला आधी दाखवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बायकांना तिथे उत्पन्नाची अट नाही.