जुन्या प्रियसचं ॲव्हरेज घसरलं? बॅटरीचा नंबर शेवटी

साध्या पेट्रोल गाडीत बिघाड झाला की ती बोलते: धक्के देते, चढावर दम टाकते. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी, मात्र झाकून नेते. ब्रेक धरून राहिला किंवा इंजिन नीट तापलं नाही, तरी मोटर आणि संगणक मिळून वेळ मारून नेतात. दिवा पेटत नाही, पेट्रोल तेवढं जास्त लागतं. अशा वेळी बहुतेक जण थेट हायब्रिड बॅटरीकडे बोट दाखवतात. ती सर्वांत महाग आणि, बहुतेक वेळा, सर्वांत निर्दोष.

पुढचे आकडे तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसचे आहेत (१.८ लिटर इंजिन, अमेरिकेत २०१० ते २०१५ ची मॉडेलं). भारतात ही गाडी मोजकीच आली. इतर जुन्या टोयोटा हायब्रिडना क्रम हाच चालतो, आकडे वेगळे.

आधी घसरण खरी आहे का ते पाहा. डॅशबोर्डवरचा आकडा थोडा फुगवलेला असतो. नोझल पहिल्यांदा थांबेपर्यंत टाकी भरा, किलोमीटर लिहा आणि किमान तीन-चार टाक्यांची सरासरी काढा. नवी असताना अमेरिकेतल्या सरकारी चाचणीत या गाडीचा एकत्रित आकडा ५० मैल प्रति गॅलन होता, म्हणजे लिटरला साधारण २१ किमी. थंडीत आणि तीन-चार किमीच्या फेऱ्यांत तो बराच खाली येतो, हा बिघाड नव्हे. इंधनाचाही वाटा धरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे भारतातल्या ई२० वर (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ६–७ टक्के घट हिशोबातच येते.

टायर थंड असताना १५ इंची चाकांत पुढे ३५, मागे ३३ पीएसआय हवा हवी. तापमान ५–६ अंशांनी उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो. घसरण नवे टायर घातल्यापासून सुरू झाली असेल, तर शोध तिथेच संपू शकतो: नवी जाड नक्षी आणि साधं रबर, दोन्ही गाडीला मागे ओढतात. ऑइल ०डब्ल्यू-२०, फिल्टरसकट ४.२ लिटर. गॅरेजवाल्याने ‘गाडी जुनी झाली’ म्हणून जाड ऑइल ओतलं असेल तर ते बदला.

आता ब्रेक. हायब्रिड बराचसा वेग मोटरनेच मारते, त्यामुळे पॅड वर्षानुवर्षं टिकतात. पण न वापरल्याने कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिना गंजतात आणि पॅड डिस्कला चिकटून राहतो. १०–१५ किमी हलक्या पायाने चालवा, उतरल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही डिस्क मोजा. एक चाक जोडीदारापेक्षा १५–२० अंशांनी गरम असेल तर चोर सापडला. मागचं चाक जॅकवर हाताने सहज फिरायला हवं. अडत असेल तर पार्किंग ब्रेकची केबलही तपासा. पिना साफ करून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. काम सुरू करण्याआधी १२ व्होल्ट बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा. ड्रायव्हरचं दार उघडलं की ब्रेकचा पंप आपोआप जागा होतो. पॅड काढलेले असतील तर पिस्टन बाहेर येतो, आणि मध्ये बोट असेल तर तेही जातं.

यापुढे ब्लूटूथ ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं यंत्र) आणि फोनवरचं ‘डॉ. प्रियस’ किंवा ‘हायब्रिड असिस्टंट’ ॲप लागेल. कूलंटचं तापमान पाहा. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ अंशांच्या आसपास उघडतो. हायवेवर आकडा ६०–७० मध्येच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकला आहे. इंजिन तापत नाही, म्हणून सिग्नलला बंदही होत नाही. लाँग टर्म फ्यूएल ट्रिम (संगणक ठरलेल्यापेक्षा किती जास्त-कमी पेट्रोल सोडतोय तो आकडा) अधिक १० टक्क्यांच्या वर असेल तर एअर फिल्टर बदला आणि एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) त्याच्याच स्प्रेने धुवा. कार्बोरेटर क्लीनर वापरू नका.

या इंजिनाचं खरं दुखणं ईजीआर कूलर. एक्झॉस्टचा काही भाग थंड करून परत इंजिनात सोडणारा हा भाग काजळीने तुंबतो. मग ज्वलन जास्त तापतं, संगणक ठिणगी मागे घेतो, ॲव्हरेज पडतं. दुर्लक्ष केल्यास हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांमधल्या सीलवर, येऊ शकतं. सकाळी सुरू करताना गाडी खडखडून थरथरते आणि कूलंट कमी होतं, तर थांबू नका. ८०,०००–१,००,००० किमीला कूलर, व्हॉल्व्ह, पाइप आणि इनटेक मॅनिफोल्डमधल्या चार बारीक वाटा साफ करा. कूलर गरम पाण्यात, ऑक्सिजन ब्लीच पावडर घालून, काळं पाणी यायचं थांबेपर्यंत भिजवा. गॅस्केट नवेच घाला, गुलाबी टोयोटा कूलंट भरून हवा पूर्ण काढा.

एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. गॅस कमी असेल तर तो जास्त वेळ फिरतो आणि बॅटरी भरायला इंजिन सुरू होतं. गॅस भरताना फक्त एनडी-११ ऑइल वापरायला सांगा; नेहमीच्या पीएजी ऑइलने आतलं विद्युत इन्सुलेशन बिघडतं. सिग्नलला न्यूट्रल टाकायची सवयही सोडा, न्यूट्रलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही. ‘बी’ गिअर (इंजिनाने वेग रोखणारा) घाटाच्या उतारापुरता.

शेवटी बॅटरी. मागच्या सीटच्या कडेला बॅटरी थंड करणाऱ्या पंख्याची जाळी असते, ती काढून व्हॅक्यूम करा. कुत्र्याचे केस आणि सतरंजीचा धुरळा आतल्या पंख्याच्या पात्यांत बसतो. पात्यांसाठी जुना टूथब्रश पुरतो. मग जोरात वेग घेताना बॅटरीच्या १४ ब्लॉकांचे (प्रत्येकात दोन मॉड्यूल) व्होल्टेज ॲपवर पाहा. फरक ०.३ व्होल्टच्या आत असेल तर बॅटरीला हात लावू नका. एखादा ब्लॉक १ व्होल्टभर खाली जात असेल, चार्जचे बार काही मिनिटांत भरून रिकामे होत असतील किंवा पी०ए८० हा बॅटरी-बिघाडाचा कोड आला असेल, तर मात्र पूर्ण पॅकचा भाव काढा. एकच मॉड्यूल बदलणं स्वस्त वाटतं, पण २८ समवयस्कांतला दुसरा लवकरच रांगेत असतो. पॅक स्वतः उघडू नका: आत २०१ व्होल्ट असतात, आणि सर्व्हिस प्लग (पॅकचा वीजप्रवाह तोडणारा) काढल्यावरही मॉड्यूलांमधली वीज तशीच राहते.