किल्लारीचा धडा समुद्रावर उलटा: त्सुनामीबाबत या चुका टाळा

गेल्या सहलीत गणपतीपुळ्याच्या वाळूवर मी पोरांना विचारलं, "आत्ता जमीन हलली तर कुठं पळाल?" सगळे एका सुरात म्हणाले, "कुठंच नाही सर, हीच मोकळी जागा की!"

माझ्या पोटात गोळा आला. पोरांची चूक नव्हती, हे आम्हीच शिकवलेलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर भागात दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. तेव्हापासून लातूर-धाराशिवच्या घराघरांत एकच धडा आहे: जमीन हलली की मोकळ्या रानात. रानात तो जीव वाचवतो, किनाऱ्यावर तोच जीव घेऊ शकतो.

हलणं थांबलं, आता वाळूवर बसू

किल्लारीचा भूकंप जमिनीखालचा होता. हादरा संपला की उरलं ते ढिगारे उपसणं. समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला तर खरं संकट हादऱ्यानंतर निघतं. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथं एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली सरकतो. वर्षानुवर्षं अडकून दबलेली वरच्या पट्टाची कड सुटली आणि बाराशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात समुद्राचा तळ काही मीटर उचलला गेला. त्याच्यावरचं सगळं पाणीही उचललं गेलं आणि दोन्ही बाजूंना पसरलं. चार किलोमीटर खोल समुद्रात अशा लाटेचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या आसपास असतो. आपण रात्रभर रेल्वेत बसून लातूरहून मुंबईला जातो, ही लाट तेवढं अंतर पाऊण तासात कापेल.

म्हणून किनाऱ्यावर जोराचा किंवा बराच वेळ हादरा जाणवला की भिंतींपासून दूर व्हा, आणि हलणं थांबताच उंचावर चला. गणपतीपुळ्याला देवळामागचा डोंगर आहे, तिकडं. सामान, चपला, फोटो काही नको.

सुमात्राजवळच्या सिमुलुए बेटावर १९०७ च्या लाटेची आठवण आज्या नातवंडांना सांगत आल्या. त्या लाटेला तिथं 'स्मोंग' म्हणतात. २००४ ला लाट दहा मिनिटांच्या आत पोचली. इतक्या कमी वेळात कुठला भोंगा वाजणार? पण लोक आपणहून डोंगरावर गेले होते. सुमारे ७८ हजार वस्तीत फक्त सात जण दगावले. आपल्याकडं किल्लारीची आठवण अशीच जिवंत आहे, फक्त तिला समुद्राचा अर्धा भाग जोडायचा राहिलाय.

हादरा जाणवला नाही, म्हणजे धोका नाही

रामेश्वर-कन्याकुमारीच्या यात्रेला जाणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. तमिळनाडूत २००४ च्या त्या सकाळी साडेसहाला जेमतेम हललं, अनेकांना कळलंही नाही. लाट दोन तासांनी आली आणि एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसं गेली. तेव्हा हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. आता २००७ पासून हैदराबादला केंद्र आहे आणि ते चोवीस तास जागं असतं. प्रशासनानं किनारा रिकामा करायला सांगितलं तर "समुद्र तर शांत दिसतोय" म्हणून थांबू नका. खोल पाण्यात ही लाट मीटरभरही उंच नसते, लांबून ती दिसतच नाही.

पाणी मागं हटलं तरच लाट येते

हटलं तर पळायचंच, उघड्या पडलेल्या तळावर मासे गोळा करायला जायचं नाही. पण दर वेळी हटेलच असं नाही. २००४ ला थायलंडकडं पाणी आधी ओसरलं, भारत-श्रीलंकेच्या बाजूला आधी चढूनच आलं.

एक लाट आली, गेली

चित्रपटातली उभी भिंत डोक्यातून काढा. गोदावरीला वरच्या धरणाचं पाणी सुटल्यावर जसं ते चढतच जातं, तसं हे मिनिटांमागून मिनिटं आत येत राहतं. सोबत होड्या, गाड्या, पत्रे, लाकडं असतात, आणि पाण्याइतकीच माणसं त्यांच्या माऱ्यानं जखमी होतात. ओसरताना तेच सगळं समुद्रात ओढलं जातं. दोन लाटांमध्ये तासाभराचंही अंतर पडू शकतं. १९६४ च्या अलास्का भूकंपानंतर अमेरिकेतल्या क्रेसेंट सिटीत पहिल्या लाटा ओसरल्यावर काही लोक आवराआवर करायला परतले, आणि त्यानंतरची लाट सर्वांत मोठी निघाली. प्रशासन परत या म्हणेपर्यंत वरच थांबा. खाडीकाठ आणि नदीचं मुख हीसुद्धा आसऱ्याची जागा नाही, तिथून पाणी आत घुसतं.

विहीर उपसून टाकू

शेतकऱ्याच्या पोराला हे पटायला जड जातं. आपल्याकडं पुराचा गाळ विहिरीत गेला की मोटार लावून उपसा करतात. २००४ नंतर किनाऱ्यावरची भातशेतं चोपण जमिनीसारखी खारावली, विहिरी खाऱ्या झाल्या. श्रीलंकेत लोकांनी चांगल्या मनानं विहिरी पुन्हापुन्हा उपसल्या. पण किनाऱ्यावर गोडं पाणी जड खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं तरंगत असतं. जास्त उपसलं की खालचं खारं वर चढतं, आणि विहिरीशेजारी सोडलेलं पाणी पुन्हा तिच्यातच मुरतं. तिथं गाळ आणि घाण काढण्यापुरताच उपसा करायचा, प्यायला पाणी बाहेरून आणायचं आणि पावसाची वाट बघायची. पावसाचं गोडं पाणी मुरत गेलं तसा त्या विहिरींचा खारेपणा उतरत गेला.