शिलाई मशीन घ्यायचीय? आधी काय शिवणार ते ठरवा

क्लासची बॅच संपत आली की एक प्रश्न ठरलेला, ताई आता मशीन कुठली घेऊ? मी उलट विचारते, तू शिवणार काय ते सांग. कारण दुकानदार आधी पांढरीशुभ्र ऑटोमॅटिक दाखवतो, आपण त्या फुलापानांच्या टाक्यांवर भाळतो आणि घरी आणून वर्षभर मारतो काय तर सरळ टीप.

ब्लाउज, परकर, अभ्रे, पडदे आणि थोडंफार अल्टरेशन एवढंच असेल तर आपली काळी मशीन अजूनही भारी आहे. उषा घ्या, सिंगर घ्या, तिला सरळ टीपच येते पण ती वर्षानुवर्षं येते, पार्ट तालुक्याच्या गावाला मिळतात, मिस्त्री मिळतो आणि लाईट गेली तरी पायाने चालते. पायडल जमायला चार दिवस लागतात. वरचं चाक आपल्याकडे फिरायला पाहिजे, नवीन पोरींचं ते मधेच उलटं फिरतं, दोरा तटकन तुटतो आणि मग म्हणायचं मशीनच खराब आहे! गुडघे दुखत असतील तर तिलाच छोटी मोटर बसवून मिळते, फक्त खालचा पायडलचा स्टँड भंगारात देऊ नका.

ऑटोमॅटिक मी वाईट म्हणत नाही हं. झिगझॅग, काज, चेन लावणं, लहान मुलांचे कपडे, हौसेचं काम, याला ती मस्त. मशीन हलकी, काम झालं की उचलून कपाटात ठेवता येते. घरच्या दोनचार साड्यांचं पिको पण झिगझॅगवर होतं, पण फॉल-पिकोचा धंदाच करायचा असेल तर पिकोची वेगळी मशीन घ्या, दिवसाला दहा साड्या ऑटोमॅटिकवर ओढत बसू नका. आणि तिच्यावर जीन्सची जाड शिवण आली की ती रडते, सुई वाकते.

आता धंदा. रोज सातआठ तास शिवायचं असेल तर सरळ पॉवर मशीनकडे, म्हणजे कारखान्यात असते तसल्या मशीनकडे जा, जॅक, जुकी वगैरे कंपन्यांची. घरच्या ऑटोमॅटिकचा स्पीड मिनिटाला साधारण 800 टाके, हिचा 5000 च्या आसपास जातो, पाय जरा जास्त पडला की कापड हातातून पळतं. म्हणून मोटर 'सर्वो' प्रकारचीच घ्या, तिचा स्पीड कमी करून ठेवता येतो आणि पाय उचलला की ती गप्प बसते. जुन्या क्लच मोटरवाल्या स्वस्तात मिळतात पण आपण शिवत नसलो तरी ती घुंऽऽ करत फिरतच राहते, बिलही येतं आणि डोकंही उठतं. बऱ्याच जणींना हे माहीत नसतं की एवढे पैसे मोजूनसुद्धा साध्या पॉवर मशीनवर सरळ टीपच येते, झिगझॅग नाही. सुई पण वेगळी, घरच्या मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो, हिचा गोल. ओव्हरलॉक ही दुसरी मशीन म्हणून घ्यायची, ती कड कापत कापत गुंफते, पहिली मशीन म्हणून उपयोग नाही.

त्या हातात मावणाऱ्या मिनी मशीनच्या नादाला मात्र लागू नका. मी एक ऑनलाइन मागवली होती, भाचीच्या फ्रॉकला घेर लावला, शेवटचा दोरा ओढला गेला आणि पूर्ण टीप सर्रकन उसवली, कारण तिला खालून बॉबिनच (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) नव्हती, एकाच दोऱ्याची साखळी.

दुकानात जाताना आपल्या चिंध्या घेऊन जा, दुकानदाराच्या कडक सुती तुकड्यावर कुठलीही मशीन छानच शिवते. अस्तर लावलेला ब्लाउजपीस, एक सुळसुळीत जॉर्जेट आणि जीन्सची दुमडलेली कड, तिन्हीवर टीप मारून उलटून बघा, दोन्ही बाजूंनी टाका सारखा दिसला पाहिजे. खाली दोऱ्याच्या गाठी-फासे दिसले तर बहुतेक वेळा वरचं टेन्शन, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण, सैल असतं किंवा दोरा नीट ओवलेला नसतो, समोरच नीट करून घ्या. बॉबिन केस, म्हणजे बॉबिन बसते ती डबी, दोऱ्याला धरून लटकवा, नुसती धरली तर जागेवर राहावी, हलका झटका दिला की थोडीशी खाली सरकावी. जुनी घेत असाल तर चाक हाताने हळू फिरवून कान द्या, कटकट आवाज आला किंवा सुई ज्यात बसवतात तो मशीनचा दांडा बोटाने हलवल्यावर डुगडुगला तर राहू दे म्हणा.

घरी आणल्यावर पहिले दोन दिवस जुन्या चादरीवरच शिवा, नव्या मशीनमधून तेल गळतं. मी पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाचा पांढरा ब्लाउज घेतला होता, कापड भरून द्यावं लागलं.