फळमाशीतल्या वोल्बाकियाचे लिपिड तपासताना या चुका टाळा

सगळ्यात महागात पडते ती अख्खी माशी वाटणे. तिच्या मेदपिंडात (चरबी साठवणाऱ्या अवयवात) ट्रायग्लिसराइड, म्हणजे साठवलेली चरबी, इतके असते की बाकीचे लिपिड त्याखाली दबून जातात. वोल्बाकिया (कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू) अंडाशयात दाट असतो, म्हणून एकाच वयाच्या माद्यांची अंडाशये थंड पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खारट बफर द्रावणात) काढा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. उशीर झाला की लायपेज विकरे पटलातले फॉस्फोलिपिड तोडतात, त्यांची एक मेदाम्ल गमावलेली लायसो रूपे वाढतात आणि खापर जिवाणूवर फुटते. काढताना आतडे फाटले तर तो नमुना सरळ टाकून द्या. वोल्बाकियाकडे लिपिड ए (अनेक जिवाणूंच्या बाह्य पटलातले लिपिड) बनवणारी जनुकेच नाहीत; त्याचा घटक असलेले ३-हायड्रॉक्सी मायरिस्टिक आम्ल दिसले तर आधी आतड्यातल्या अॅसिटोबॅक्टर जिवाणूवर संशय घ्या.

लिपिड वेगळे काढण्याच्या ब्लाय-डायर पद्धतीत पाणी ०.८ भाग, मिथेनॉल २, क्लोरोफॉर्म १ असे घेतल्यावर एकच थर राहायला हवा. इथेच दोन थर पडले तर पाणी जास्त झाले आहे. बहुतेक वेळा ऊतीतले पाणी हिशेबात धरलेले नसते. नंतर क्लोरोफॉर्म १ आणि पाणी १ भाग घालून थर वेगळे करा; लिपिड खालच्या थरात येतात. क्लोरोफॉर्मऐवजी एमटीबीई (मिथाइल टर्ट-ब्यूटिल ईथर) वापरत असाल तर मात्र वरचा थर घ्या. अंतर्गत मानक (ठरावीक मात्रेत मिसळलेले ओळखीचे लिपिड) ऊती वाटण्यापूर्वीच घाला. नंतर घातले तर मधली गळती कधीच कळत नाही.

क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकच्या नळीत नको. मास स्पेक्ट्रममध्ये m/z ३३८.३ ला ठळक शिखर आले तर ते प्लॅस्टिकमध्ये घातलेले इरुकामाइड हे रसायन समजा. काचेची नळी आणि टेफ्लॉनचे झाकण वापरा, आणि ऊतीविना एक कोरा नमुना सोबत चालवा.

तुलनेसाठी टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाने जिवाणूमुक्त केलेल्या माश्या लगेच वापरू नका. हे औषध मायटोकॉन्ड्रियातली प्रथिननिर्मितीही रोखते. कार्डिओलिपिन (पटलातले एक फॉस्फोलिपिड) घटले तर ते गेलेल्या वोल्बाकियाचे की बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियाचे, हे सांगता येत नाही, कारण ते दोन्हींत असते. औषधाविना काही पिढ्या जाऊ द्या, मूळ माश्यांची विष्ठा खाद्यात मिसळून आतड्यातले जिवाणू परत आणा आणि वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी (पृष्ठभागावरील प्रथिनाच्या) जनुकाच्या पीसीआर चाचणीने तो गेल्याची खात्री करा.

स्टेरॉल ना माशी स्वतः बनवते ना वोल्बाकिया. ते खाद्यातूनच येते. यीस्टवर वाढलेल्या माशीत एर्गोस्टेरॉल (यीस्टमधले स्टेरॉल) असते, आणि कोलेस्टेरॉल ऑक्सिडेजची किट तेही मोजते. दोन्ही गटांना एकाच घाण्यातले खाद्य द्या आणि स्टेरॉल जीसी-एमएसवर (गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्री) वेगवेगळे मोजा.