अक्षर सगळ्यात शेवटी वाचा

लंडनमध्ये जुन्या चांदीच्या काट्याचमच्यांची नोंद करायला शिकताय, तर स्टर्लिंग म्हणजे हजारात 925 भाग चांदी, चालता सिंह ही त्याची ठशातली खूण आणि जहाजाचा नांगर हा बर्मिंगहॅमला तपासलेल्या मालाचा ठसा, हे तुम्हाला ठाऊक असणारच. त्यात कुणी अडकत नाही. अडकतात वर्षाच्या अक्षरात, म्हणजे तपासणीचं वर्ष सांगणाऱ्या एकाक्षरी ठशात. मी तर अशी अडकले होते की अजून अक्षरांवरून वर्ष शोधायचा तक्ता उघडताना हात थबकतो.

लंडनच्या जुन्या फेरीत वीस अक्षरं असायची, ए ते यू, मधला जे वगळून. एकविसाव्या वर्षी पुन्हा ए. दर फेरीला अक्षराचं वळण किंवा त्याभोवतीच्या ढालीचा आकार बदलायचा हे खरं, पण दोनशे वर्षं घासलेल्या चांदीवर ढालीचे कोपरे उरतात कुठे? 1776 चा ए लहान लिपीतला, 1816 चाही लहान लिपीतलाच. म्हणून आधी राणीछाप रुपयावर असतं तसं बाजूनं दिसणारं राजाचं डोकं शोधा. कर भरल्याची ही खूण 1784 च्या डिसेंबरात आली, 1890 मध्ये गेली. डोकं दिसलं की 1776 बाद. नाही दिसलं तर लगेच खूश होऊ नका, झिजून गेलेलं असू शकतं. मग लंडनची खूण असलेलं बिबट्याचं डोकं बघा: त्याचा मुकुट 1821 मध्ये गेला. मग ठशांची जागा: खोलगट भागाजवळ दाटीनं मारलेले असतील तर चमचा साधारण 1780 च्या आधीचा, पुढे ते दांड्याच्या टोकाकडे सरकले. हे सगळं जुळलं की मग तक्ता. अक्षर मे महिन्यात बदलायचं, तेव्हा नोंद 1816-17 अशी करा.

फोटो टाकून मोबाइलला वर्ष विचारणाऱ्यांनी हे काम करूच नये. तुमच्या हातातला चमचा काढून घेऊन फटकन वर्ष सांगणारे ज्येष्ठही मला गुरू वाटत नाहीत.

कारागिरांच्या नावांनी भुलू नका. हेस्टर बेटमननं 1761 मध्ये स्वतःचा ठसा नोंदवला, 1790 मध्ये ती निवृत्त झाली. तिच्या वळणदार एचबीला भाव आहे. पण ठसा म्हणजे माल तपासणीला पाठवणाऱ्याची जबाबदारी, घडवणारे हात दुसऱ्याचेही असतील. शिकायला विल्यम इली आणि विल्यम फर्न यांचे चमचे घ्या, पुष्कळ मिळतात. सुटेच घ्या, संच नको.

बिबट्या आणि राजाचं डोकं दिसतंय पण अक्षर पुसट आहे, तर ‘लंडन, 1784 नंतर’ एवढंच लिहा. त्यात कमीपणा नाही, पण अंदाजानं वर्ष ठोकलंत तर गिऱ्हाईक पावती घेऊन परत येतं.